गुपित वेगळं, खोटं वेगळं

मैत्रिणींनो, हेर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच कॉलरचा कोट, काळा चष्मा, हातात पिस्तूल आणि मागे धावणारी मोटार. माझ्या आजोळी माळ्यावरच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. दर मे महिन्यात आम्ही भावंडं त्यांच्यावर तुटून पडायचो. झुंजार आणि काळा पहाड एका रात्रीत दहा जणांना लोळवत. पण सकाळी उठून दूध तापवायचंय, मुलाची फी भरायचीय, गिरणीतून दळण आणायचंय, असली कामं त्यांच्या वाट्याला आल्याचं काही आठवत नाही. पुढे पडद्यावर जेम्स बाँड आला, त्याला तर संसाराचं वावडंच!

म्हणूनच ‘द फॅमिली मॅन’ ही हिंदी मालिका पाहताना आपण बायका थबकतो. इथला हेर कर्जाच्या हप्त्यांची काळजी करतो, शाळेतून मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं की धावतपळत जातो आणि बायकोचा फोन आला की आवाज मऊ करून थाप मारतो. मालिकेचं पहिलं पर्व सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, दुसरं जून २०२१ मध्ये आणि तिसरं नोव्हेंबर २०२५ मध्ये. दिग्दर्शक जोडी राज आणि डीके. श्रीकांत तिवारीची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आहे आणि सुचित्राची प्रियामणी यांनी. श्रीकांतचा जिवाभावाचा सहकारी जे. के. तळपदे आणि साहेब कुलकर्णी ही नावं ऐकली की आपल्याला ही मालिका आणखीच घरची वाटू लागते.

आमच्या कॉलनीत ही मालिका बहुतेकींनी पाहिली आहे. कोणी मुलं झोपल्यावर, कोणी दुपारच्या निवांत वेळी, तर कोणी भाजी निवडता निवडता मोबाईलवर. आणि पाहून झाल्यावर वाद घातला नाही अशी एकही सापडणार नाही. वाद एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो. श्रीकांत चांगला माणूस की वाईट? मला वाटतं, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून दुसराच विचारायला हवा. देशासाठी म्हणून जे खोटं बोललं जातं, त्याची किंमत कोण मोजतं?

करीमचं काय झालं?

पहिल्या पर्वातली करीमची हकिगत तुम्हाला आठवत असेल. करीम हा कॉलेजात शिकणारा मुलगा. श्रीकांतच्या खात्याला संशय येतो की हा आणि त्याचे मित्र घातपात करणार आहेत. पाठलाग होतो, गोळ्या सुटतात आणि मुलं मरतात. नंतर कळतं की त्यांच्याकडे बाँब वगैरे काही नव्हतं. विद्यार्थ्यांनी आखलेला तो एक राजकीय निषेध होता. भडक म्हणा, अविचारी म्हणा, पण त्यात कुणाचा जीव जाणार नव्हता.

गोळी चुकली हे भयंकरच. पण माझ्या मते मालिकेतली सर्वांत अवघड जागा त्यानंतर येते. खात्याला चूक कळलेली असते आणि जगाला मात्र ती मुलं अतिरेकीच होती असं सांगितलं जातं. श्रीकांतला हे खुपतं. त्याची झोप उडते, त्याची बदली श्रीनगरला होते. पण खुपणं वेगळं आणि जाऊन सांगणं वेगळं. करीमचा जीव एकदा गेला. त्याचं नाव रोज जात राहतं.

आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “अगं, खरं सांगितलं असतं तर दंगल पेटली असती. शंभर माणसं मेली असती. एका नावापेक्षा शंभर जीव मोठे नाहीत का?” हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. ज्याच्या खांद्यावर गावाची शांतता आहे त्याला असा हिशोब करावा लागतो, हे मलाही कळतं. पण हा हिशोब करणारे कोण असतात? ज्यांच्या हातून चूक झाली तेच! आपल्याच चुकीवर पांघरूण घालायचं आणि त्याला देशहित म्हणायचं, ही सोय फार मोहाची आहे. आणि त्या हिशोबाच्या वहीत करीमच्या आईचं खातं कुठेच उघडलेलं नसतं.

इथे आपलं, बघणाऱ्यांचंही काही चुकतं, बरं का! पाठलाग चालू असताना आपणही मनात म्हणत असतो, “पकडा लवकर, मारा!” मुलं मेल्यावर आपल्याला वाईट वाटतं. पण पुढचा भाग सुरू झाला, जे. के. ने एखादा विनोद केला की आपण हसतो आणि करीम मागे पडतो. मालिका बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं असेल किंवा नसेल. पण श्रीकांत आपल्याला आवडतो म्हणून त्याला सगळं माफ करावं का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावं.

पलीकडच्या बाजूची राजी

दुसऱ्या पर्वात समोरची बाजू बाईची आहे. समंथाने साकारलेली राजी ही श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांपैकी एक. चेन्नईच्या एका कारखान्यात मान खाली घालून काम करते. वरचा माणूस त्रास देतो, बसमधला माणूस अंगाला झोंबतो. बसमधला तो प्रसंग पाहताना आपल्यापैकी कितीजणींना आपल्या एसटीच्या प्रवासातली एखादी संध्याकाळ आठवली असेल! तिचा भाऊ युद्धात गेलेला, तिच्यावर अत्याचार झालेले. हे सगळं समजल्यावर तिचा राग आपल्याला पटतो. आणि तिचं काम मात्र पटत नाही, कारण ती निघाली आहे माणसं मारायला.

पटणं आणि न पटणं ही दोन्ही एकाच वेळी मनात बसवायची सवय आपल्याला नाही. जुन्या चित्रपटातला खलनायक हसला तरी कळायचं की हा वाईट. राजीच्या बाबतीत तसं होत नाही. या पर्वावरून वादही मोठा झाला. तमिळ माणसांचं चित्रण विपर्यस्त आहे, असं म्हणत मे २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने केंद्राला पत्र लिहून मालिका रोखण्याची मागणी केली. मालिका प्रत्यक्षात जूनमध्ये आली. कुणाच्या तरी खऱ्या दुःखावर आपण आपली करमणूक उभी करतो तेव्हा ज्याचं दुःख आहे त्याला काय वाटेल, हा प्रश्न त्या वादातून उरलाच. त्यांचा राग मला अगदी निराधार वाटला नाही. राजी लक्षात राहते, पण तिच्या गावच्या, हाती शस्त्र न घेतलेल्या हजारो बायका मालिकेत दिसत नाहीत.

लोणावळ्याला काय झालं?

आता येऊ घरात. श्रीकांतच्या घरच्यांना वाटतं की हा सरकारी कचेरीत फायली सरकवतो. सुचित्रा कॉलेजात शिकवत असते, पुढे ती एका नव्या कंपनीत जाते. तिथे अरविंद नावाचा सहकारी आहे, शरद केळकर यांनी केलेला. तो तिचं ऐकून घेतो. तिच्या दिवसात काय घडलं हे विचारतो. कामासाठी लोणावळ्याला जाणं होतं आणि तिथे नेमकं काय झालं, हे मालिका आपल्याला लगेच सांगत नाही. देशात बाँब कुठे फुटणार यापेक्षा लोणावळ्याला काय झालं याचीच चर्चा जास्त झाली, आमच्याकडेही आणि बाहेरही!

आणि या चर्चेत एक गोष्ट मला फार खटकली. श्रीकांत रोज खोटं बोलतो, तरी सगळे म्हणतात, “बिचारा देशासाठी करतो.” सुचित्राने एक गोष्ट लपवली, तर तिला मात्र बोल लावायला बायकाच पुढे. “नवरा जिवावर उदार होऊन फिरतोय आणि हिला कौतुक हवंय!” असं एक वहिनी तावातावाने म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, नवरा जिवावर उदार आहे हे तिला कुणी सांगितलंय का? तिला ठाऊक आहे ते एवढंच, की फाईल सरकवणारा नवरा वेळेवर घरी येत नाही, मुलांना दिलेला शब्द पाळत नाही आणि विचारलं तर कारणं सांगतो. अशा नवऱ्याबद्दल तिने काय समजावं? जी माहिती तिला दिलीच नाही तिच्या आधारावर आपण तिला दोषी ठरवतो. आपल्याला पडद्यावर सगळं दिसतं. तिला फक्त रिकामी खुर्ची दिसते.

म्हणजे सुचित्रा बरोबर, असं मी म्हणत नाही. तिनेही लपवलं. दोघं समुपदेशकापुढे जाऊन बसतात तेव्हाही दोघांच्या पोटात काहीतरी राहिलेलंच असतं. एकमेकांशी खरं बोलायला म्हणून पैसे भरून बसायचं आणि तिथेही खरं बोलायचं नाही! या प्रसंगात हसू येतं आणि पोटात तुटतंही. पण एका घरात एकाने खोट्याची सवय लावली की दुसऱ्याला ती लागायला वेळ लागत नाही, हे मालिकेने अगदी नेमकं दाखवलं आहे.

मुलीचं, धृतीचंही तेच. आईबाप आपापल्या गुपितात गुंतलेले, म्हणून ती आपलं गुपित फोनमध्ये शोधते. जो मुलगा तिच्याशी गोड बोलतो तो मुळात तिच्या बापाचा सूड घ्यायला आलेला असतो. तो तिला पळवून नेतो. आता पाहा, घरच्यांना काही सांगायचं नाही, म्हणजे ते सुरक्षित राहतील, हे श्रीकांतचं पहिल्यापासूनचं समर्थन. पण झालं काय? काहीच माहीत नव्हतं म्हणून धृती सावध नव्हती. बाबांचं काम जोखमीचं आहे, अनोळखी माणसाशी जरा जपून, एवढं जरी तिच्या कानावर असतं, तर कदाचित ती दोनदा विचार करती. अज्ञानाने संरक्षण होतं, असं मानणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे पर्व पाहावं. मग ते हेर असोत की नसोत.

न सांगणं आणि खोटं सांगणं

तुम्ही म्हणाल, “पण मग काय, हेराने घरी येऊन सगळं सांगत सुटायचं?” छे, छे! इथेच मला आमच्या गावाविषयी थोडं सांगायचं आहे.

आमचं वालचंदनगर हे इंदापूर तालुक्यातलं, उसाच्या मळ्यांनी वेढलेलं गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वसवलेलं. साखर करता करता इथे साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली. मग सिमेंट कारखान्यांची, मग अणुऊर्जा केंद्रांसाठी लागणारी उपकरणं आणि अग्निबाणांचे भागही. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या अग्निबाणावर बसून आकाशात गेलं, त्याच्या दोन्ही अंगांना जे मोठे एस-२०० बूस्टर होते, त्यांचे काही भाग या गावात बनले होते. २३ ऑगस्टला यान चंद्रावर उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत जे पेढे वाटले गेले त्यांची चव काही निराळीच होती.

अशा गावातल्या बायकांना नवऱ्याचं गप्प राहणं ओळखीचं असतं. कुठलं काम, कुणासाठी, किती झालं, हे घरी बोलायचं नसतं. ड्रॉइंग घरी आणायचं नसतं, फोटो काढायचा नसतो. रात्रपाळी लांबली आणि आपण विचारलं, “अहो, एवढं काय चाललंय?” तर उत्तर येतं, “ते नाही सांगता येणार. पण काम मोठं आहे, अजून पंधरा दिवस असंच चालेल.” बस्स. त्यावर आपण रुसतो, थोडी आदळआपट करतो आणि डबा भरून देतो. पण आपल्याला हे ठाऊक असतं की एक दार बंद आहे आणि ते बंद का आहे. त्या बंद दाराशी आपण जगायला शिकतो. पंधरा दिवस घरचं सगळं एकटीनेच ओढायचं आहे, हेही आपल्याला आधी कळलेलं असतं, म्हणून आपण तशी तयारी करतो.

“सांगता येणार नाही” हे वाक्य खरं आहे. त्यात गुपित राहतं आणि ऐकणाऱ्याचा मानही राहतो. “अगं, काही नाही, मीटिंग होती” हे खोटं आहे. त्याने गुपितही राहतं, पण ऐकणारी मूर्ख ठरते. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. पहिल्या वाक्यानंतर बायको आपला निर्णय स्वतः घेऊ शकते. थांबायचं, भांडायचं, माहेरी जायचं, की नेटाने उभं राहायचं, हे ती ठरवते. दुसऱ्या वाक्याने तिच्या हातातून तो निर्णयच काढून घेतला जातो.

श्रीकांतचं काम अग्निबाणाच्या भागापेक्षा कितीतरी नाजूक, हे मान्य. हेराला “मी हेर आहे” एवढंही बोलायची मुभा नसते. पण आपलं काम जोखमीचं आहे, ते सांगता येत नाही, तरी तुझी साथ हवी आहे, एवढं कुठल्याही नवऱ्याला म्हणता येतं. तिसऱ्या पर्वात श्रीकांत स्वतःच संशयित ठरतो, कुटुंबाला घेऊन पळण्याची वेळ येते, तेव्हा कुठे तो घरच्यांना खरं काय ते सांगतो. सहा वर्षं आणि तीन पर्वं लागली त्या एका वाक्याला! आणि तेही सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं नाही. लपवण्याची सोय राहिली नाही, म्हणून सांगितलं.

उंबऱ्यातून निसटलेली अंगठी

हेरगिरी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवता येते, ही समजूत फार जुनी आहे आणि ती खोटी आहे हेही आपल्याकडे फार पूर्वी सांगून झालंय. बी.ए.ला संस्कृत घेतलेल्या मैत्रिणींना विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ नाटक आठवेल. सगळं नाटक हेरगिरीचं. चाणक्याला नंदांचा अमात्य राक्षस आपल्या बाजूला वळवायचा आहे. राक्षस स्वतः पाटलीपुत्राबाहेर गेलेला, बायकामुलं मात्र चंदनदास नावाच्या मित्राच्या घरी लपवलेली. चाणक्याचा एक हेर यमपट दाखवत, गाणी म्हणत त्या घराशी येतो. पाचेक वर्षांचं एक मूल कुतूहलाने बाहेर डोकावतं. आतून एका बाईचा हात येतो आणि त्याला मागे ओढतो. त्या गडबडीत तिच्या बोटातली अंगठी निसटते, कारण अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची, नवऱ्याची असते. ती घरंगळत येऊन हेराच्या पायाशी थांबते. तीच राक्षसाची मुद्रा. त्या मुद्रेने शिक्का मारून बनावट पत्र तयार होतं आणि राक्षसाचा सगळा डाव मोडतो.

मला या प्रसंगाचं फार नवल वाटतं. एवढ्या मोठ्या राजकारणाची कळ फिरते ती मुलाला आत ओढणाऱ्या आईच्या हाताने! तिचा दोष काय? मूल बाहेर गेलं म्हणून तिने ओढलं. आपण सगळ्या दिवसातून दहा वेळा हेच करतो. आणि नाटकाच्या शेवटी चंदनदासाला वधस्थानी नेतात, तेव्हा त्याची बायको मुलाला घेऊन मागोमाग जाते. मित्राला वाचवण्यासाठी राक्षस अखेर शरण येतो. चाणक्य जिंकतो, मोठं युद्ध टळतं, राज्य स्थिर होतं. मग चाणक्य चांगला की वाईट? दीड हजार वर्षांच्या आसपास झाली, वाचणारे अजून वाद घालतातच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर हेरांचे प्रकारच दिले आहेत. गृहस्थाच्या वेषातला, व्यापाऱ्याच्या वेषातला, तपस्व्याच्या वेषातला, घरोघर फिरणारी भिक्षुकी. पण त्यात एक शहाणपणाची अटही आहे. तीन वेगवेगळ्या हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी. करीमच्या वेळी एवढी एक अट कुणी पाळली असती तर? जुन्या ग्रंथांत नुसते डावपेच नसतात, हातून अन्याय होऊ नये म्हणून घातलेले बांधही असतात. आपण डावपेच तेवढे लक्षात ठेवतो.

हेरांचं काम मी हलकं मानत नाही. बहिर्जी नाईकांचं नाव घेतलं की मराठी माणसाची मान ताठ होते. सभासदाच्या बखरीत त्यांचं नाव येतं, सुरतेची खबर काढण्यात त्यांचा हात होता आणि सांगली जिल्ह्यातल्या बानूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. अशी माणसं नसती तर स्वराज्य उभं राहिलं नसतं. पण त्यांच्यामागे घरी चूल पेटवून वाट पाहणाऱ्या माणसांची समाधी कोणी दाखवत नाही. निदान गोष्ट सांगताना तरी त्यांची आठवण असावी.

पडद्याबाहेर

“हे सगळं गोष्टीतलं, खरं थोडंच असतं असं!” असं वाटत असेल तर दोन खऱ्या हकिगती सांगते.

जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. त्यांत चारचौघांसारखी संसारी जोडपी होती. बॉस्टनजवळ राहणाऱ्या अशाच एका जोडप्याला दोन मुलं होती. थोरल्याच्या विसाव्या वाढदिवसाच्या दिवशीच पोलीस दारात आले. आईबापांची नावं, देश, भाषा, सगळं उसनं. पुढच्याच महिन्यात कैद्यांची अदलाबदल झाली आणि ज्या देशाची भाषाही येत नाही अशा देशात मुलांना जावं लागलं. अमेरिकेत २०१३ ते २०१८ या काळात चाललेली ‘द अमेरिकन्स’ ही गाजलेली मालिका अशाच एका जोडप्याची आहे आणि ती लिहिणारे जो वाइसबर्ग हे स्वतः तिथल्या गुप्तचर खात्यात काम केलेले. ती पाहतानाही आपल्याला हेर दोघं आवडू लागतात आणि त्यांच्या मुलांकडे पाहून जीव कासावीस होतो.

दुसरी हकिगत आपल्या देशातली. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ३० नोव्हेंबर १९९४ रोजी अग्निबाणांची गुपितं विकल्याच्या आरोपाखाली अटक झाली. पन्नास दिवस ते कोठडीत होते. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचं सांगितलं. पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली ती १४ सप्टेंबर २०१८ रोजी. २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. मधली चोवीस वर्षं कुणी परत दिली? त्यांच्या पत्नी मीना यांचं मन त्या धक्क्याने खचलं. हेराची बायको असणं कठीण, पण नवरा हेर नसताना “देशद्रोह्याची बायको” म्हणून बाजारात जाणं किती कठीण असेल! आमच्यासारख्या, अग्निबाणांचे भाग घडवणाऱ्या गावात ही हकिगत वाचताना हात थरथरतात.

संशय हे हेरखात्याचं हत्यार आहे, ते लागतंच. पण ते एखाद्या निरपराध घरावर पडलं तर खरं काय ते मोठ्याने आणि लवकर सांगणं, हा त्या घराचा हक्क आहे. करीमला तो मिळाला नाही. नंबी नारायणन यांना फार उशिरा मिळाला.

मग पाहावी का?

जरूर पाहावी. पण काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असं मी सुचवेन.

लहान मुलांना घेऊन बसू नये. शिव्या भरपूर आहेत, रक्तपात आहे आणि काही प्रसंग अंगावर येणारे आहेत. मुलं कॉलेजात जाण्याच्या वयाची असतील तर मात्र त्यांच्याबरोबर जरूर पाहावी आणि मध्ये मध्ये थांबवावी. “कोण चांगला?” असं विचारू नका, मुलं चटकन श्रीकांतचं नाव घेतात. “याचा त्रास कुणाला झाला? आणि त्याला कुणी विचारलं होतं का?” असं विचारून पाहा. माझ्या अनुभवाने सांगते, नववी-दहावीची मुलंही या प्रश्नावर गप्प होतात आणि मग फार चांगलं बोलतात.

नवऱ्याबरोबर पाहणार असाल तर दुसऱ्या पर्वातले समुपदेशकाकडचे प्रसंग एकत्र पाहा. हसा आणि हसून झाल्यावर एकमेकांना विचारा की आपल्या घरात “सांगता येणार नाही” असं काय काय आहे. प्रत्येक घरात असतं. भावाला दिलेले पैसे, सासूबाईंपासून लपवलेला डॉक्टरांचा रिपोर्ट, मुलाचे कमी आलेले मार्क. सगळंच सगळ्यांना सांगायला हवं असं नाही. पण जे सांगायचं नाही त्यावर थाप मारण्यापेक्षा “आत्ता नको विचारूस, वेळ आली की सांगेन” असं म्हणण्याची सवय घरात लागली, तर बराच फरक पडतो. आणि मग वेळ आल्यावर खरंच सांगावं लागतं, हे मात्र विसरायचं नाही.

एक अगदी व्यवहारातली सूचना. घरातलं कोणी संरक्षण, अणुऊर्जा किंवा अशाच कामात असेल, तर त्यांच्या कामाच्या जागेचे, ओळखपत्राचे, गणवेशातले फोटो कौतुकाने सगळ्या ग्रुपवर पाठवू नयेत. अनोळखी माणसाने फोनवर फारच गोड बोलायला सुरुवात केली तर मुलांनी घरी सांगावं, एवढा मोकळेपणा आपण ठेवावा. धृतीच्या घरात नेमकं हेच नव्हतं.

श्रीकांत चांगला की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही आणि ठरवायची घाईही नाही. त्याच्यासारखी माणसं देशाला लागतात, म्हणून तर आपण रात्री निर्धास्त झोपतो. पण आपली झोप ज्यांच्या जागरणावर उभी आहे त्यांत करीमची आई आहे, सुचित्रा आहे, अंगठी निसटलेली राक्षसाची बायको आहे. त्यांना कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. पुढच्या वेळी पडद्यावर कुणी “हे सगळं तुमच्याच भल्यासाठी लपवलं” असं म्हणालं, की मैत्रिणींनो, जरा हातातलं काम थांबवा आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.